आकाश कोणाच्या मालकीचे?

२०२२ सालच्या गुढीपाडव्याच्या रात्री, म्हणजे २ एप्रिल रोजी, महाराष्ट्रातील व मध्यप्रदेशातील पुष्कळ लोकांनी आकाशातून एक जळती रेघ सरकत जाताना पाहिली. कोणी तिला उल्का म्हटले, कोणी विमान पेटले असे म्हटले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी या गावी, धातूचे एक मोठे कडे मोकळ्या जागेत येऊन पडले. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. अभ्यासकांनी मार्ग व वेळ ताडून पाहिली आणि असा अंदाज बांधला की, हे एका चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे अवशेष असावेत. तो अग्निबाण २०२१ सालच्या फेब्रुवारीत उडालेला होता आणि त्याचा रिकामा टप्पा तेव्हापासून पृथ्वीभोवती फिरत होता.

आता समजा, ते कडे कोणाच्या घरावर पडले असते तर? तलाठ्याने पंचनामा केला असता, पण तो कागद पुढे कोणाकडे जायचा? भरपाई कोणी द्यायची? ज्याने बाण सोडला त्याने, की ज्याच्या डोक्यावर पडला त्याने नशिबाला बोल लावून गप्प बसायचे? हा प्रश्न ऐकून प्रथम हसू येते. परंतु त्याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे, आणि ते थोडक्यात असे की, बाण सोडणाऱ्या देशाने द्यायची. हे उत्तर कोणी लिहिले, कसे लिहिले आणि ते कोठवर पुरे पडते, हे समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे आणि वकीलही नव्हे. आमचे जे काही शिक्षण झाले ते रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तथापि गेली तीस वर्षे कामगारांच्या वतीने मालकांशी करार करणे, ते वाचणे आणि ते पाळले जातात की नाही यावर डोळा ठेवणे, हाच आमचा उद्योग आहे. त्या नजरेने आम्ही अवकाशाचे करार वाचू लागलो, तेव्हा आम्हांला ते मुळीच परके वाटले नाहीत. तेच बलवान व दुर्बळ, तेच "आधी आला त्याचे", आणि तेच शब्दांच्या आड लपलेले हितसंबंध तेथेही आहेत.

परवानगी न विचारता उघडलेले आकाश

विमानांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारानुसार प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील हवेवर पूर्ण स्वामित्व आहे. परवानगीवाचून परक्याचे विमान आत आले तर ते उतरवण्याचा अधिकार त्या देशाला आहे. मग उपग्रहाचे काय? ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने पहिला स्पुटनिक सोडला. तो सुमारे दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालीत असे आणि वाटेत कित्येक देशांच्या डोक्यावरून जात असे. त्याने कोणाचीही परवानगी मागितली नव्हती. आश्चर्य असे की, कोणत्याही देशाने त्याबद्दल निषेध नोंदवला नाही. पुढे अमेरिकेचे उपग्रह उडाले, तेव्हा रशियालाही तोंड उघडायला जागा उरली नाही. अशा रीतीने मौनातून एक वहिवाट पडली. हवा ज्याची त्याची, पण हवेपलीकडचे आकाश सर्वांना मोकळे. हवा कोठे संपते व अवकाश कोठे सुरू होते याची कायदेशीर सीमा मात्र अद्याप ठरलेली नाही. व्यवहारात शंभर किलोमीटरची उंची सामान्यतः धरली जाते.

वहिवाटीवर भागत नाही, ती लिहून घ्यावी लागते, हे आमच्या धंद्यातील पहिले सूत्र आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९५९ साली अवकाशाच्या शांततामय उपयोगासाठी एक कायमची समिती नेमली. भारत तिचा पहिल्यापासूनचा सभासद आहे. आज तिचे सभासद शंभरावर गेले आहेत. तेथे मतदान करून निर्णय घेतला जात नाही, सर्वांची संमती लागते. यामुळे काम फार सावकाश चालते हे खरे, परंतु लहान देशालाही तेथे "थांबा" म्हणता येते. या समितीतून १९६७ साली बाह्य अवकाशाचा करार निघाला. २७ जानेवारी १९६७ रोजी तो वॉशिंग्टन, लंडन व मॉस्को या तिन्ही राजधान्यांत सह्यांसाठी ठेवण्यात आला आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला अमलात आला. व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते आणि दोन महासत्ता एकमेकींवर अण्वस्त्रे रोखून बसल्या होत्या. अशा काळात त्या एका कागदावर सही करतात, याचे कारण त्यांचे मन पालटले असे नव्हे. चंद्रावर आधी कोण पोचणार हे तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हते. शर्यतीचा निकाल लागण्यापूर्वीच नियम लिहिले गेले, म्हणून ते बरे लिहिले गेले. निकालानंतर लिहिले असते तर जिंकणाऱ्याने स्वतःच्या सोयीचे लिहिले असते.

करारात काय आहे?

हा करार अवघ्या सतरा कलमांचा आहे. त्यातील चार गोष्टी प्रत्येक नागरिकाने ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत.

पहिली अशी की, अवकाशाचे संशोधन व उपयोग सर्व देशांच्या हितासाठी करावयाचा आहे. देश श्रीमंत आहे की गरीब, पुढारलेला आहे की मागासलेला, हे त्यात पाहावयाचे नाही. दुसरी अशी की, चंद्र किंवा कोणताही ग्रह कोणत्याही देशाच्या मालकीचा होऊ शकत नाही. नुसता झेंडा रोवून, वस्ती करून वा अन्य कोणत्याही मार्गाने हक्क सांगता येत नाही. १९६९ साली अमेरिकी माणसांनी चंद्रावर झेंडा रोवला, पण त्यामुळे चंद्राचा एक वीतभर तुकडाही अमेरिकेचा झाला नाही. तिसरी अशी की, अण्वस्त्रे अथवा सामुदायिक संहाराची शस्त्रे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत ठेवता येणार नाहीत, आणि चंद्रावर लष्करी तळ उभारता येणार नाही.

चौथी गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते, पण आमच्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. ती सहाव्या कलमात आहे. एखाद्या देशातील खाजगी कंपनीने अवकाशात काही केले, तरी त्याची जबाबदारी त्या देशाच्या सरकारवर राहील. सरकारने कंपनीला परवाना द्यावा आणि तिच्यावर सतत देखरेख ठेवावी, असे ते कलम सांगते. कामगार चळवळीतील माणसाला हे वाचताच ओळख पटते. आमच्या माहितीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगाराची बोटे यंत्रात गेली. कंत्राटदार दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेला आणि मालक म्हणू लागला, "हा आमचा माणूसच नव्हे." असा प्रसंग पाहिला नाही असा कामगार पुढारी विरळाच. यावर उपाय म्हणून १९७० सालच्या कंत्राटी कामगार कायद्याने असे तत्त्व घातले की, कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने भरावी. अवकाशाच्या करारात हेच तत्त्व त्याच्याही तीन वर्षे आधी आलेले आहे. त्या वेळी अवकाशात खाजगी कंपन्यांचा वावर नाममात्रच होता. रशियाचे म्हणणे होते की, अवकाशात फक्त सरकारांनीच जावे. अमेरिकेचे म्हणणे होते की, कंपन्यांनाही वाव हवा. दोघांच्या भांडणातून ही तडजोड निघाली. कंपनीने जावे, पण तिचा जामीन सरकारने राहावे. आज अवकाशात कंपन्यांची रीघ लागली असताना ही तडजोड जगाच्या उपयोगी पडत आहे.

भरपाईचा एक खटला

कलम चांगले असणे वेगळे आणि त्याप्रमाणे पैसे हातात पडणे वेगळे. १९७२ साली भरपाईचा स्वतंत्र करार झाला. त्यानुसार पृथ्वीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झाल्यास उपग्रह सोडणाऱ्या देशाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. नुकसान झाले एवढे पुरे. अवकाशातल्या अवकाशात दोन उपग्रह आदळले, तर मात्र चूक कोणाची हे दाखवावे लागते.

याची कसोटी लवकरच लागली. २४ जानेवारी १९७८ रोजी कॉसमॉस ९५४ हा रशियन उपग्रह कॅनडाच्या वायव्येकडील बर्फाळ प्रदेशात कोसळला. त्यात लहानशी अणुभट्टी होती. किरणोत्सारी तुकडे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरले. कॅनडा व अमेरिका यांच्या पथकांनी भर हिवाळ्यात ते वेचले. कॅनडाने रशियाकडे सुमारे ६० लाख कॅनडियन डॉलरांचे मागणीपत्र पाठवले. वाटाघाटी चालल्या आणि १९८१ साली रशियाने ३० लाख डॉलर देण्याचे कबूल केले. मागितल्याच्या निम्मे मिळाले. कोणी म्हणेल, हा कसला न्याय? आमचा अनुभव असा की, महासत्तेच्या खिशातून निम्मे निघणे हेही कराराचेच बळ होय. कागद नसता तर एक पैसाही निघाला नसता.

तथापि या कराराच्या उणिवा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याखाली गावकऱ्याला स्वतः दावा करता येत नाही. त्याच्या वतीने त्याच्या सरकारने दुसऱ्या सरकारकडे, साधारणतः एका वर्षाच्या आत, मागणी करावी लागते. वाटाघाटी फिसकटल्या तर लवाद नेमता येतो, पण उभय पक्षांनी आधी मान्य केले असेल तरच त्याचा निवाडा बंधनकारक होतो; एरवी ती केवळ शिफारस राहते. भारत व चीन हे दोन्ही देश या करारात सामील आहेत. म्हणजे लाडबोरीच्या माणसाला कायद्याचा आधार आहे, पण तो दिल्लीमार्गे आहे. दिल्लीने त्याची बाजू धरली तरच तो आधार कामाला येईल.

याच कॅनडाची दुसरी हकिगतही सांगितली पाहिजे. १९७९ साली अमेरिका, रशिया, कॅनडा व फ्रान्स यांनी संकटात सापडलेली जहाजे व विमाने उपग्रहांच्या साहाय्याने शोधण्याची एक योजना आखली. तिचे नाव कॉस्पास-सारसॅट. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडातील डोंगराळ भागात एक लहान विमान कोसळले आणि आतील तिघे वाचले, ते या योजनेमुळे. त्यांची हाक ज्या उपग्रहाने ऐकली तो रशियन होता! ज्या देशाच्या उपग्रहाने कॅनडावर किरणोत्सारी कचरा पाडला, त्याच देशाच्या उपग्रहाने चार वर्षांनी तेथील माणसे वाचवली. तेव्हापासून या योजनेने जगभर पन्नास हजारांहून अधिक जीव वाचवले आहेत. भारताची भूस्थानके बंगळूर व लखनौ येथे आहेत. ही हाक ऐकण्याबद्दल कोणी पैसे आकारीत नाही. राजकीय वैर आणि परस्परांचे सहकार्य या दोन गोष्टी एकाच वेळी नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या देशाचा अनुभव

सहकार्य म्हणजे दान नव्हे आणि मैत्रीही नव्हे, ही गोष्ट भारताच्या अनुभवावरून नीट कळते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून आपल्या भूमीवरचा पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकी होता, त्यातील सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रान्सचे होते, आणि रशियानेही या केंद्राला साहाय्य केले होते. परस्परांचे वैरी एका मच्छीमार खेड्यात एकत्र आले, त्याला कारण होते. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्त रेषा थुंब्याजवळून जाते, आणि वरच्या वातावरणाचा अभ्यास करण्यास ती जागा फार सोयीची. म्हणजे आपल्याकडे पैसा व यंत्रे नव्हती, पण देण्याजोगी जागा होती. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांनी ती ओळखली. १९६८ साली हे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला समर्पित करण्यात आले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. त्या केंद्रासाठी तेथील कोळी बांधवांनी आपली घरे सोडली, आपले चर्च दिले. अवकाशाच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे येतात. जागा देणाऱ्यांची नावे येत नाहीत.

पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताने उसना घेतला आणि सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली. खेड्यातील छत्री कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची होती. उपग्रह परक्याचा, पण जमिनीवरची यंत्रणा आणि कार्यक्रम आपले, अशी वाटणी होती. वर्ष संपताच उपग्रह परत गेला. शिकलेली माणसे मात्र येथेच राहिली. शेतीची व आरोग्याची माहिती उपग्रहाने खेड्यापर्यंत कशी न्यावी हे ज्ञान त्यांच्याजवळ होते, आणि पुढे इन्सॅटच्या उभारणीत ते उपयोगी पडले.

दुसरी बाजूही पाहू. जड उपग्रह उंच नेण्यासाठी अतिशीत इंधनाचे, म्हणजे द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन जाळणारे, इंजिन लागते. १९९१ साली भारताने रशियाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी इंजिने व त्यांचे तंत्र मिळण्याचा करार केला. अमेरिकेने क्षेपणास्त्रांच्या प्रसाराचे कारण पुढे करून १९९२ साली दोन्ही संस्थांवर निर्बंध घातले. रशियाने १९९३ साली माघार घेतली. तयार इंजिने मिळाली, तंत्र मिळाले नाही. मग आपल्या तंत्रज्ञांना ते स्वतः शिकावे लागले, आणि त्यात वीस वर्षे गेली. ५ जानेवारी २०१४ रोजी देशी अतिशीत इंजिनासह जीएसएलव्ही अग्निबाण प्रथमच यशस्वी झाला. याची परिणती कशात झाली पहा. भूमीची हालचाल सेंटिमीटरपर्यंत टिपणारा निसार नावाचा रडार-उपग्रह अमेरिका व भारत यांनी मिळून तयार केला आणि ३० जुलै २०२५ रोजी तो श्रीहरिकोट्याहून कक्षेत गेला. तो नेणारा अग्निबाण तोच, जीएसएलव्ही, आणि त्यातील इंजिन आपलेच. ज्यांनी तंत्र अडवले होते, त्यांनीच आपले बहुमोल यंत्र त्या इंजिनावर ठेवले. बरोबरीचा करार हवा असेल तर हातात कसब असावे लागते. ज्याच्याविना काम अडते, त्याच्याशीच मालक नीट बोलतो.

गायरान आणि त्याची नासाडी

आता आजच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. गावाच्या गायरानावर सर्वांचा हक्क असतो आणि त्याची निगा राखण्याची जबाबदारी कोणीच आपली मानीत नाही. आकाशाचे तसेच झाले आहे.

विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीबरोबरच एक फेरी पुरी करतो, म्हणून खालून पाहणाऱ्याला तो एकाच जागी स्थिर दिसतो. दूरचित्रवाणीची छत्री एकदा रोखली की हलवावी लागत नाही, ती यामुळे. अशी कक्षा एकच आहे आणि तिच्यावरील जागा मोजक्या आहेत. त्या जागा व लहरी यांची नोंद आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठेवतो. ही संस्था १८६५ साली तारायंत्रासाठी स्थापन झाली. तेथे जो आधी अर्ज करील त्याची जागा, असा प्रघात होता. १९७६ साली कोलंबिया, एक्वाडोर, केनिया, इंडोनेशिया आदी विषुववृत्तावरील आठ देश बोगोटा येथे जमले आणि आमच्या डोक्यावरची कक्षा आमची, असे त्यांनी जाहीर केले. जगाने तो दावा मानला नाही, आणि १९६७ च्या करारापुढे तो टिकणाराही नव्हता. परंतु त्या ओरडण्याचा परिणाम झाला. १९८५ व १९८८ साली भरलेल्या परिषदांनी असे ठरवले की, काही विशिष्ट लहरींपुरती प्रत्येक देशासाठी निदान एक जागा राखून ठेवावी, त्याच्याजवळ आज उपग्रह असो वा नसो. मागणी मान्य होत नाही, पण ती केल्यामुळे दुसरे काही पदरात पडते, हे संघटनेत काम केलेल्याला सांगावे लागत नाही.

खालच्या कक्षांमध्ये मात्र अशी राखीव जागा नाही. तेथे काही शे किलोमीटर उंचीवर हजारो लहान उपग्रहांचे थवे सोडले जात आहेत. २०२५ साली चालू उपग्रहांपैकी निम्म्याहून अधिक एकाच अमेरिकी कंपनीचे होते. त्यांचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? जेथे तार पोचत नाही तेथे त्यांच्यामुळे इंटरनेट पोचते. कागदावर जागा अडवून ठेवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून दूरसंचार संघाने २०१९ साली असा नियमही केला की, मुदत सुरू झाल्यावर दोन वर्षांत दहा टक्के, पाच वर्षांत निम्मे व सात वर्षांत सर्व उपग्रह सोडून दाखवावेत. परंतु एकूण किती उपग्रह त्या उंचीवर सुखरूप मावतील आणि त्यांत कोणाचा वाटा किती, हे ठरवणारा नियम कोठेच नाही.

शिवाय कचरा आहे. खालच्या कक्षेतील वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने धावते. त्या वेगाने आलेला सुपारीएवढा तुकडाही उपग्रह निकामी करू शकतो. एक सेंटिमीटरहून मोठे असे दहा लाखांवर तुकडे फिरत असावेत असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियाच्या वर एक चालू अमेरिकी उपग्रह आणि एक बंद पडलेला रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले व हजारो तुकडे झाले. हा अपघात होता. पण हेतुपुरस्सर केलेली नासाडीही आहे. २००७ साली चीनने आपलाच जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्याचे तीन हजारांवर तुकडे नोंदले गेले आणि त्यांपैकी पुष्कळ अजून फिरत आहेत. २०२१ साली रशियाने तेच केले, तेव्हा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील अंतराळवीरांना, त्यांत रशियाचेही होते, परतीच्या यानांत जाऊन आसरा घ्यावा लागला. अमेरिकेनेही असे प्रयोग केले आहेत. आणि २७ मार्च २०१९ रोजी आपल्या देशानेही केला. तो सुमारे तीनशे किलोमीटर इतक्या कमी उंचीवर केला, म्हणून बहुतेक तुकडे पुढे वातावरणात जळून गेले, ही गोष्ट खरी. परंतु गायरानात आपलाही बैल एकदा मोकळा सुटला होता, हे देखील खरे. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रसंघात असे विध्वंसक प्रयोग थांबवावेत असा ठराव आला. त्याच्या बाजूने १५५ देश, विरुद्ध ९ आणि तटस्थ ९ होते. भारत तटस्थ राहिला. अशा ठरावांपेक्षा सर्वांवर बंधनकारक करार हवा, असे म्हणणे असू शकते व त्यात तथ्यही आहे; पण मग तो करार घडवण्यात पुढाकारही हवा. २०२४ साली भारताने जाहीर केले की, २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरा न करणाऱ्या असतील. हे पाऊल योग्य दिशेने आहे.

चंद्रावरचे पाणी

चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश असल्याचा पुरावा २००९ साली पुढे आला, तो भारताच्या चांद्रयानावर बसवलेल्या अमेरिकी उपकरणातून. दक्षिण ध्रुवाजवळच्या सदैव अंधारात असलेल्या विवरांत बर्फ असावे असे मानतात. पाण्यापासून प्राणवायू मिळतो आणि इंधनही मिळते. म्हणून सगळ्यांची दृष्टी तिकडे लागली आहे. चंद्र कोणाचाच नाही हे १९६७ च्या करारात आहे, पण चंद्रावरून खणून काढलेला माल कोणाचा, याबद्दल तो करार गप्प आहे. १९७९ च्या चांद्रकराराने सांगितले की, ही संपत्ती मानवजातीचा सामायिक वारसा असून तिच्या वाटपाची व्यवस्था करावी. या करारात सामील झालेले देश वीसही नाहीत. भारताने १९८२ साली सही केली, पण पुढची मान्यता दिली नाही. उलट अमेरिकेने २०१५ साली कायदा केला की, आमच्या नागरिकाने काढलेला माल त्याचा. समुद्र कोणाचा नाही, पण जाळ्यात आलेला मासा कोळ्याचा, असा त्यांचा युक्तिवाद. २०२० साली अमेरिकेने आर्टेमिस करार पुढे केला. त्यात हीच भूमिका आहे, आणि कामाच्या जागेभोवती "सुरक्षा क्षेत्रे" आखण्याची तरतूदही आहे. भारताने २१ जून २०२३ रोजी त्यावर सही केली. चीन व रशिया यांनी २०२१ साली चंद्रतळाची आपली निराळी योजना जाहीर केली.

माशाचा युक्तिवाद आम्हांस पुरता पटत नाही. समुद्रातले मासे पुन्हा वाढतात, विवरातले बर्फ पुन्हा भरणार नाही. आणि बर्फाची मोजकीच विवरे असताना त्यांभोवती सुरक्षेची कुंपणे पडली, तर मालकी न सांगताही मालकी होईल. अर्थात् सही केली ते वाईट झाले असे आमचे म्हणणे नाही. आत असणाऱ्याला अर्थ लावण्यात वाटा मिळतो. परंतु राष्ट्रसंघाची समिती, जेथे सर्वांची खुर्ची आहे, ती बाजूला पडून दोन गटांचे दोन कायदे होऊ लागले, तर जो कोणत्याच गटात नाही त्याला आवाज उरणार नाही. एका कारखान्यात दोन संघटना झाल्या म्हणजे फायदा कोणाचा होतो हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

मग सामान्य माणसाने काय करावे?

आपल्या देशात २०२० सालापासून अवकाशक्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले आणि २०२३ साली अवकाश धोरणही जाहीर झाले. धोरण म्हणजे कायदा नव्हे. सरकार बदलले की धोरण बदलू शकते, आणि त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागणे कठीण असते. सहाव्या कलमाप्रमाणे आपल्या कंपन्यांचा जामीन आपले सरकार आहे. म्हणजे उद्या एखाद्या भारतीय कंपनीचा उपग्रह परक्याच्या घरावर पडला, तर भरपाई आपल्या करांतून जाईल. म्हणून कंपन्यांनी विमा किती उतरावा, बंद पडलेला उपग्रह किती वर्षांत खाली आणावा, चूक झाल्यास सरकारने त्यांच्याकडून किती वसूल करावे, हे संसदेने केलेल्या कायद्यात स्वच्छ लिहिलेले असले पाहिजे. आपल्या आमदार-खासदारांना रस्ते व पाणी यांबरोबर हाही प्रश्न विचारावा. तो विचारण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही.

बलवानाला कराराची गरज नसते. त्याचे काम बळाने भागते. कराराची गरज आपल्यासारख्यांना असते, आणि म्हणून तो वाचण्याची, त्याची आठवण ठेवण्याची आणि तो मोडला तर बोलण्याची जबाबदारीही आपलीच आहे. १९६७ सालचा कागद अजून जिवंत आहे. ११० हून अधिक देश त्याने बांधलेले आहेत, आणि पन्नासहून अधिक वर्षांत कोणत्याही देशाने चंद्राचा सातबारा आपल्या नावे करून घेतलेला नाही. ही कमाई लहान नाही. मालाची वाटणी आणि कक्षांतील गर्दी या दोन गोष्टींची कलमे त्यात अजून लिहावयाची राहिली आहेत. मागच्या पिढीने शर्यतीचा निकाल लागण्यापूर्वी नियम लिहिले. या दोन बाबतींत निकाल अजून लागलेला नाही, पण वेळ थोडा उरला आहे.